हळकुंडाचा दोरा

गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचा बूथ आला, त्या वर्षी आईला फिट येऊ लागल्या. ती तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या शाळेत गणित शिकवायची. एकदा फळ्यासमोरच कोसळली. शाळेने तिला वर्गावरून काढून कार्यालयात बसवलं. फिट थांबल्याशिवाय वर्ग मिळणार नव्हता. गोळ्यांनी त्या थांबेनात.

तंजावरच्या सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, एमआरआय करा. मेंदूत व्रण सापडला तर ऑपरेशनचा विचार करता येईल, नाही तर गोळ्या आहेतच. यंत्र तिरुचीला होतं. वडिलांनी बूथवरून वेळ ठरवली. अंगावर धातू नको, असं पलीकडून बजावण्यात आलं.

नवरा जिवंत असताना आमच्याकडे बाईचा गळा क्षणभरही मोकळा ठेवत नाहीत. निघायच्या सकाळी वडिलांनी हळदीने माखलेल्या दोऱ्याला हळकुंड बांधून तो आईच्या गळ्यात घातला, मगच सोन्याचं मंगळसूत्र उतरवलं. बांगड्या, जोडवी, नाकातली चमकी तिने स्वतः काढली.

स्कॅनच्या खोलीच्या दाराशी तंत्रज्ञाने विचारलं, "अम्मा, धातू काही?"

"काही नाही."

ती दोन पावलं आत गेली आणि पदराखालचा दोरा आपोआप वर येऊन यंत्राकडे ताणला गेला. तंत्रज्ञाने तिला दंडाला धरून मागे ओढलं. दोऱ्याला सेफ्टी पिनांचा झुपका होता. आमच्या भागातल्या बायका पिना मंगळसूत्रालाच अडकवून ठेवतात. वडिलांनी सोनं उतरवलं तेव्हा तिने सवयीने त्यावरच्या पिना या दोऱ्यावर घेतल्या होत्या.

"अगं, धातू नको म्हणून सांगितलं होतं ना?" वडील म्हणाले.

"धातू म्हणजे दागिने. या पिना आहेत."

"आणि म्हणे शाळेत शिकवते!"

"मी गणित शिकवते. विज्ञानाला वेगळे सर आहेत."

तंत्रज्ञाला हसू आलं नाही. "तुम्ही घाबरलात, अम्मा. आत हललात तर चित्र बिघडेल. उद्या या."

"उद्या नाही. मी हलणार नाही."

पिना वडिलांच्या हातावर ठेवून ती आत गेली. पत्र्यावर हातोडा मारल्यासारखा आवाज बराच वेळ बाहेर येत राहिला. ती हलली नाही.

फिल्मवर डाव्या कानशिलाच्या आत एक बारीक पांढरा डाग होता. तंजावरला डॉक्टरांनी तो पेनाच्या टोकाने दाखवला. ऑपरेशन मद्रासला होईल, म्हणाले. धोकेही सांगितले: शब्द अडतील, माणसांची नावं पटकन आठवणार नाहीत.

"आकडे राहतील?" आईने विचारलं.

"राहायला हवेत. खात्री देता येत नाही."

"मग तारीख मागवा."

घरी आल्यावर वडिलांनी मंगळसूत्राची डबी उघडली.

"अहो, राहू द्या ते," ती म्हणाली. "मद्रासला पुन्हा उतरवावं लागेल. पिना तेवढ्या द्या."