अळणी लझान्या

माझी आई दोनदा वारली. पहिल्यांदा वारली ती ट्रुगानिनात, एका बुधवारी संध्याकाळी, झूमवर. ही बातमी नाशिकला तिच्या कानावर गेली तेव्हा ती इतकी हसली, की वॉर्डातली नर्स धावत आली!

दुसऱ्यांदा ती खरंच गेली. पण आधी पहिलं मरण सांगतो, कारण तो सगळा पराक्रम माझ्या घरचा आहे.

मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिना या नव्या वसाहतीतल्या आमच्या अँग्लिकन चर्चमध्ये दर बुधवारी मोठ्या माणसांचा अभ्यासवर्ग भरायचा. चहा, बिस्किटं, बायबलमधला एखादा उतारा आणि त्यावर प्रत्येकाचं मत. (मत नसलं तरी द्यावं लागे. नाहीतर वर्ग चालवणारी जीन, सत्तरी ओलांडलेली निवृत्त शिक्षिका, चष्म्यावरून बघत प्रेमाने विचारायची, "अँड यू, विनय?") लॉकडाऊन लागला आणि वर्ग झूमवर गेला. चहा-बिस्किटं बंद झाली, मतं तेवढी राहिली.

त्या हिवाळ्यात विषय होता विलापाची स्तोत्रं. दुःख देवापुढे कसं मांडावं, याचा चक्क कोर्स! पहिल्या बुधवारी मी फारच सुंदर बोललो. "माणसाने देवापुढे मोकळेपणी रडावं," वगैरे. जीनने ते लिहून घेतलं. बोलायला माझं काय जात होतं? तेव्हा मला कसलंच दुःख नव्हतं.

त्याच आठवड्यात ताईचा, म्हणजे नाशिकच्या माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. आईला कोरोना झालाय, ऑक्सिजनवर ठेवलंय.

मी एका गोदामात कामगारांच्या शिफ्टा लावतो. कोण कधी येणार, कोण कधी जाणार, हे ठरवणं हाच माझा धंदा. पण स्वतःची नाशिकची एक खेप मला लावता येईना! ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायला परवानगी लागत होती आणि गेलेला माणूस परत कधी येईल, हे कोणी सांगत नव्हतं. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी असलेल्या माणसाने नाशिकचा विचार करायचा, म्हणजे कमालच होती. मी घाबरलो होतो. आणि मोकळेपणी रडण्यावर भाषण ठोकणाऱ्या मला रडू म्हणून येत नव्हतं.

पुढच्या बुधवारसाठी जीनचा निरोप आला: प्रत्येकाने घरात एक प्रार्थनेचा कोपरा करा. ज्या व्यक्तीसाठी प्रार्थना हवी तिचा फोटो ठेवा, मेणबत्ती लावा. ताराने, माझ्या आठ वर्षांच्या मुलीने, हे काम अंगावर घेतलं. तिची शाळाही घरीच चालली होती आणि क्राफ्टच्या तासाला क्रेप पेपर आला होता. झूम सुरू व्हायच्या बेतात असताना मी खुर्चीत बसलो, मागे वळून पाहिलं, तर आईच्या फोटोला नारिंगी कागदी फुलांचा भलाथोरला हार!

"अगं बाई!" माझी बायको रूथ किंचाळलीच. "तारा! फोटोला हार कशाला घातलास? काढ आधी!"

"बट आजी लाइक्स ऑरेंज!" तारा रडकुंडीला आली.

"राहू दे गं," मी म्हटलं. "आपण ख्रिस्ती माणसं. शकुन-अपशकुन कुठे मानतो?"

(मांजर आडवं गेलं तर मी गाडी थांबवतो. पण ती सावधगिरी झाली.)

वर्ग सुरू झाला. माझी पाळी आली आणि मी बोलत सुटलो. आईचं आजारपण, ताईची धावपळ, विमानांची बंदी, सगळं सांगितलं. आज तिला जरा बरं आहे, कालच आयसीयूतून साध्या वॉर्डात आणलंय, हेही सांगितलं. कोणी मध्ये एक शब्द बोललं नाही. जीन दोन्ही हात हलवत होती, मग कानाकडे बोट करू लागली. मला वाटलं, भावना अनावर झाल्या असतील. आमच्या नाशिकच्या प्रार्थनासभेत लोक हात वर करतातच. मग बॅरीने डोक्यावरची टोपी काढली. ते पाहून मला भरून आलं, मी हात जोडले, मान खाली घातली आणि तेवढ्यात इंटरनेट गेलं. (आमच्या वसाहतीत घरं आधी आली. इंटरनेट अजून यायचंय.)

माझी पाळी आल्यापासून माझा आवाज तिकडे आणि त्यांचा इकडे बंद होता, हे मला कोण सांगणार?

आता हा बॅरी. आमच्या वर्गातला रिटायर्ड प्लंबर. पूर्वी कधीतरी दोन आठवडे राजस्थान फिरून आला होता, तेव्हापासून भारताविषयीचा शेवटचा शब्द त्याचा. जीनने नंतर मला सगळं सांगितलं. त्यांना पडद्यावर काय दिसलं? ओठ हलवणारा, आवाज न फुटणारा एक माणूस. त्याच्या मागे म्हातारीचा फोटो, मेणबत्ती आणि हार. आणि मग एकदम अंधार. बॅरी हळू आवाजात म्हणाला, "हार पाहिलात ना? त्यांच्याकडे फोटोला हार घातला, म्हणजे माणूस गेलं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

जगात बॅरीचं भारताविषयी एक विधान बरोबर असावं, आणि ते नेमकं हे असावं!

जीनने लगेच प्रार्थनेची साखळी सुरू केली. म्हणजे तिने एकाला फोन करायचा, त्याने पुढच्याला, असं करत अख्ख्या चर्चला बातमी. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. पायरीवर फॉइलने झाकलेला गरम ट्रे आणि बॅरी मास्क लावून पार फाटकापाशी उभा, छातीवर हात.

"सो सॉरी, मेट," तो म्हणाला.

"थँक यू, बॅरी."

"ती आता जास्त चांगल्या जागी आहे."

"हो ना," मी म्हटलं. "जागा मिळतच नव्हती. खूप वशिला लावावा लागला."

बॅरीने छातीवरचा हात खाली घेतला. मग मान हलवत निघून गेला.

दुपारपर्यंत लझान्यांची रांग लागली! लझान्या म्हणजे मैद्याच्या पट्ट्यांचे थर, मध्ये खिमा, वर चीज, आणि ते सगळं भट्टीत भाजलेलं. इथे घरात कोणी आजारी पडलं की लझान्या, बाळ झालं की लझान्या, मयत झालं की लझान्या. ओटा भरला, टेबल भरलं, ताराचा ऑनलाइन गणिताचा तास दोन ट्रेच्या मध्ये बसून झाला. "किती माया करतात रे ही माणसं," रूथ डोळे पुसत म्हणाली. "आई नुसती आजारी आहे, तर एवढं!"

तिसऱ्या प्रहरी आमच्या रेव्हरंडचा फोन आला. "विनय, मेमोरियल सर्व्हिस कधी ठेवू या?"

"कोणाची?" मी विचारलं.

"तुझ्या आईची," ते हळूच म्हणाले. मी मागे वळून फोटोकडे पाहिलं. रूथनेही पाहिलं. मग तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते लिहिण्यासारखं नाही.

जीनला फोन केला तर ती बिचारी रडायलाच लागली. तिची समजूत घालून मी नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. मला कोणाला तरी ओरडायचं होतं आणि दुसरं कोणी सापडत नव्हतं. पीपीई किट घातलेल्या ताईने फोन आईपुढे धरला. आई आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग मास्क बाजूला केला आणि हसत सुटली.

"विन्या, माझ्या मयताला कोण कोण आलं होतं रे?"

"आई, असं काय बोलतेस!"

"अरे सांग ना! आपल्या मयताला कोण आलं, हे कोणाला कळतं का? मला कळतंय तर सांग!"

मग मी सांगितलं. जीन, बॅरी, मेणबत्त्या, ट्रे. लझान्या कसा असतो, हेही सांगावं लागलं.

"मीठबीठ असतं का त्यात?"

"बॅरीचा अगदीच अळणी आहे गं."

"शी! दुःखाच्या घरी अळणी? रडून रडून त्या लोकांचं मीठ आधीच गेलेलं असतं. सांग त्याला, पुढच्या वेळी मीठ घाल म्हणावं."

"पुढच्या वेळी?" मी ओरडलोच.

ती इतकी हसली, की तिला ढास लागली, कसलंसं मशीन वाजायला लागलं आणि नर्स आली. "विन्या, ठेव फोन!" ताई खेकसली. फोन बंद व्हायच्या आधी आईचा आवाज आला, "आणि ते परत करू नकोस हं. फ्रीजरमध्ये ठेव. लागेल."

मला तिचा राग आला. फार राग आला. रूथने ट्रे फ्रीजरमध्ये रचले आणि हार काढून खणात ठेवला.

पुढच्या बुधवारी मी आवाज चालू असल्याची तीनतीनदा खात्री केली आणि भाषण दिलं. फोटोला हार म्हणजे फक्त माझ्या मुलीचं क्राफ्ट. त्याचा काहीही अर्थ नाही. यापुढे कृपा करून कोणी हारावरून निष्कर्ष काढू नयेत! बॅरी लाल झाला. सगळे हसले, मीही हसलो. आई तेव्हा भाताची पेज खाऊ लागली होती.

मग एका रात्रीत तिचा श्वास पुन्हा बिघडला, आणि रविवारी सकाळी ताईचा फोन आला. या वेळी ताईला बोलता येत नव्हतं.

अंत्यविधी मी ताईच्या मोबाईलवर पाहिला. पाहिला म्हणजे काय, बराच वेळ आभाळ दिसलं, थोडा वेळ कोणाचं तरी कोपर. पाळकसाहेब नखशिखान्त प्लास्टिकमध्ये होते, त्यांचे शब्द आतच राहत होते. मी हॉलमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून ताठ उभा होतो. मला माझ्या आईची पेटीसुद्धा नीट दिसली नाही. आणि तरीही रडू आलं नाही.

चर्चमध्ये मी कोणालाच कळवलं नाही. कोणत्या तोंडाने कळवणार? त्या बिचाऱ्यांचा एकदा शोक करून झाला होता, ट्रेसुद्धा देऊन झाले होते. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. आमच्या नाशिकच्या घरी असं झालं असतं, तर शेजारून पिठलं-भाकरी आली असती. इथे रूथने फ्रीजर उघडला. आई म्हणाली होती तसे ते लागले.

"डॅड," ताराने विचारलं, "कॅन आय पुट इट बॅक नाऊ?"

तिच्या हातात हार होता. मी मान हलवली. तिने खुर्चीवर चढून तो घातला, एक फूल चुरगळलं होतं ते बोटाने सरळ केलं. या वेळी रूथने तिची खुर्ची धरून ठेवली.

बुधवारी कोर्सचा शेवटचा वर्ग होता. मी ठरवलं, काही बोलायचंच नाही. हार दिसेल, त्यांना कळेल. मी पडद्यासमोर बसलो. मागे फोटो, मेणबत्ती, हार. सगळ्यांनी पाहिलं. आणि कोणाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही! मी शिकवलंच होतं इतकं छान!

"अरे वा, ताराचा हार परत आला! लव्हली!" बॅरी उत्साहाने म्हणाला. "अँड हाउज मम?"

मी तोंड उघडलं. बातमी सांगणार होतो. पण शब्दांऐवजी जो आवाज आला, तो माझा आहे हे मलाच कळलं नाही. मी ओक्साबोक्शी रडलो. नाक पुसायचं भान नव्हतं. रूथ मागून धावत आली.

"विनय, लव्ह," जीन हलकेच म्हणाली, "तुझा आवाज चालू आहे."

"माहितीये," मी म्हटलं, आणि रडत राहिलो.

त्या दिवशी वर्गात कोणीही मत दिलं नाही. ती माणसं आपापल्या चौकोनात नुसती बसून राहिली, वर्गाची वेळ संपली तरी कोणी उठलं नाही. मला आईजवळ बसता आलं नाही, पण माझ्याजवळ ही माणसं बसली. हे मी कधी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी बॅरीचा फोन. बराच वेळ खाकरून झाल्यावर म्हणाला, "मेट, वाईट वाटून घेऊ नकोस. पण एकदा विचारतो. या वेळी... नक्की ना?"

आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो. "नक्की, बॅरी."

"मग मी लझान्या करायला घेतो."

"थांब," मी म्हटलं. "तुला आईचा निरोप आहे." आणि सांगितला.

बॅरीने तो निरोप फारच मनावर घेतला. शनिवारी त्याने पायरीवर ठेवलेला लझान्या इतका खारट होता, की पहिल्या घासाला रूथने पाण्याचा ग्लास संपवला. तरी आम्ही तिघांनी तो बसून संपवला, ट्रे खरवडून.

"डॅड," तारा माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "आर यू क्राइंग?"

"छे गं," मी म्हटलं. "मीठ जास्त झालंय."