अप्पांचं पाणी

रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी ते बंदच केलं. पुढं मोबाईलवर कुणीतरी पाठवलं की भरपूर पाण्यानं शरीर आतून धुऊन निघतं. मग तांब्या हातातून सुटेना. तहान असो नसो, पाणी. उन्हाळा होता, त्यामुळं कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

सुट्टीत मी बीदरमधल्या मैलूरहून जिल्ह्यातल्याच आमच्या गावी, मेहकरला गेले, तेव्हा त्यांचं डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन आली. अप्पा उठून बसले, धोतर सावरलं आणि अदबीनं म्हणाले, "बसा बाई. तुम्ही कुणाच्या पालक?"

आईनं कप खाली ठेवला. "तुमच्याच पोरीची."

"अभ्यासात कशी हाय?"

"बरी हाय. हितंच उभी हाय."

अप्पांनी मला नीट न्याहाळलं. "आठवीत बसवा हिला," म्हणाले. मी चाळिशी ओलांडलेली, स्वतः शिक्षिका.

आईनं मला बाहेर नेलं. "मस्करी करायलेत म्हणावं, तर ह्यांनी जन्मात कधी केली न्हाई. गाडी बोलाव."

बीदरच्या दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मराठीत मधेच कन्नड मिसळायच्या. "सोडियम फार उतरलंय. जादा पाणी किडनी बाहेर टाकते, पण त्यासाठी तिलाही थोडं मीठ लागतं. ह्यांनी मीठ सोडलं, वर ही गोळी लघवीवाटे मीठ काढते. पाणी आत राहिलं, मेंदूला सूज आली."

"मग मीठ चारू का?" आईनं विचारलं.

"घाई नको, अक्का. हळूहळूच वाढवायचं, न्हाईतर मेंदूला इजा होते."

गोळी बदलली. पाणी मोजून मिळू लागलं. अप्पा नर्सकडं पाणी मागत राहिले.

"कामून? तहान लागलीय का?" तिनं विचारलं.

"न्हाई. चांगलं असतंय."

दोन-चार दिवसांत ते भानावर आले. आईकडं बघून म्हणाले, "तू कधी आलीस?"

"लग्नात," आई म्हणाली, आणि व्हरांड्यात जाऊन पदर डोळ्यांना लावून उभी राहिली.

घरी परतल्यावर तिनं वरणात बेतानं मीठ घातलं. अप्पांना ते खारट लागलं.

"खावा," आई म्हणाली.

अप्पांनी खाल्लं.