टेपमावशींनी नापास केलेले पिंजरे

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात टेपमावशींइतका निःपक्षपाती न्यायाधीश मी दुसरा पाहिला नाही. श्रीमंत-गरीब, शिकलेला-अडाणी, ओळखीचा-परका असा भेद त्यांच्यापुढे नव्हता. त्या सगळ्यांनाच नापास करत. खटला मात्र कायम एकच असे : गिनीपिगला राहायला हा पिंजरा चालेल का?

उल्हासनगरच्या एका जीन्स कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य मशीनवर काढलं. काम सुटलं, गळ्यातला मापाचा टेप सुटला नाही. मालकाच्या मुलांनी हौसेनं आणलेली आणि महिन्याभरात नकोशी झालेली गिनीपिगची जोडी त्यांच्या पदरात पडली. विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या त्यांच्या एका खोलीत त्या जोडीची पुढे वसाहत झाली.

मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी ईरा तिथं प्रथम गेलो आणि दारातच थबकलो. खोलीचा निम्म्याहून जास्त भाग विटा लावून जनावरांना दिलेला होता. उरलेल्या पट्टीत गॅस, मोरी आणि एक पत्र्याची ट्रंक. तुम्ही झोपता कुठे, असं मी विचारलं. त्यांनी ट्रंकेकडे बोट दाखवलं. ट्रंक चार फुटांची होती आणि मावशी पाच.

"मी पाय दुमडते," त्या म्हणाल्या. "त्यांनी पळायचं कुठं?"

ईराला एक तपकिरी आणि एक पांढरं जनावर आवडलं. तिनं तिथल्या तिथं त्यांची नावं ठेवली, चिकू आणि साबुदाणा. मावशी विकत नसत, देत असत. पण आधी घर बघत. त्यातून आमच्याच अंबरनाथ पूर्वेच्या इमारतीच्या चेअरमननी नातवासाठी नेमकी हीच जोडी मागितली होती. ज्याचा पिंजरा पसंत पडेल त्याची जोडी, असं ठरलं. "पिंजरा घ्या, मग बोलवा. बघते आणि कळवते," मावशी म्हणाल्या. ज्या घरात मुलीचं लग्न जमवताना चपला झिजल्यात, त्या घराला 'कळवते' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

उल्हासनगरच्या सिंधी दुकानदारानं मला तीन मजली पिंजरा दिला. "साईं, फुल हवेशीर आहे. खाली जाळी, सगळी घाण ट्रेमध्ये. साफसफाईची झंझटच नाय." रविवारी मावशी आल्या. बायकोनं केवळ सवयीनं कांदेपोहे करायला घेतले. मावशींनी पिंजऱ्याच्या तळाची जाळी बाहेर काढली, फरशीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, "भाऊ, अनवाणी उभे राहा हिच्यावर. पोहे होईपर्यंत."

मला वाटलं, गंमत करतायत. त्या गंमत करत नव्हत्या. मानवी दुःखावर मी बरंच वाचलेलं आहे. तळव्यांनी त्यातलं काही वाचलं नव्हतं. बायकोनं इतके सावकाश पोहे आयुष्यात केले नसतील.

"खाली घाण पडते म्हणून जाळी घेतलीत ना?" मावशींनी विचारलं. "तुमच्या संडासातपण खाली पडते. म्हणून तिथं राहता का? आणि उंचीचं कौतुक पोपटाला. ह्या जमिनीवरच्या पोरी. चार फूट लांब, दोन फूट रुंद, तळ सपाट." दोन बशा पोहे खाऊन, कळवते म्हणून त्या गेल्या. ईरा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

चेअरमननी सुतार लावून महालच बांधून घेतला. सागवानी, वर घुमट, आत रंगीत दिवे, दारावर पितळी पाटी. पाहणीला त्यांनी सगळी इमारत बोलावली, नारळ आणला, भाषणाचा कागदही खिशात होता. मावशींनी महालाला प्रदक्षिणा घातली, दार उघडलं आणि सरळ डोकं आत घातलं. ते बराच वेळ बाहेर आलं नाही. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कुणीतरी पाणी आणायला धावलं. शेवटी त्या घामानं निथळत बाहेर आल्या.

"वारा नाय. गुदमरतील."

"मावशी, अस्सल साग आहे," चेअरमन म्हणाले.

"असू दे. जाळायला चांगला."

नारळ तसाच राहिला. मला फार आनंद झाला, आणि तो लपवायला घरात यावं लागलं.

मग आम्ही प्लायवर जुनं लिनोलियम चिकटवून, भोवती बारीक गजांच्या जाळ्या उभ्या करून मावशींच्या मापाचा पिंजरा केला. पण ठेवायचा कुठे? खिडकीखाली ऊन, स्वयंपाकघरात फोडणीचा धूर. मावशी पुन्हा आल्या आणि त्यांनी माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं.

"ते काढा."

"मावशी, ती पुस्तकं आहेत."

"त्यांना हवा लागते का?"

पुस्तकं पलंगाखाली गेली. मावशींनी मापं घेतली, गजांमध्ये बोटं घालून पाहिली, लपायच्या खोक्याला दुसरं दार पाडायला लावलं. "भांडण झालं तर एकीला निघून जाता आलं पायजे," त्या माझ्या बायकोकडे बघून म्हणाल्या. आणि कळवते.

ईरानं आशा सोडली. चौथ्या दिवशी लिफ्ट बंद असताना चार जिने चढून मावशी दारात उभ्या. जुन्या जीन्सच्या, स्वतः शिवलेल्या पिशवीत चिकू आणि साबुदाणा. "घे बाय. दोघी माद्या आहेत, हातानं बघितल्यात. ह्या बाबतीत माझा हात चुकत नाय." ईरा त्यांच्या कमरेला मिठी मारून रडली. मावशी अवघडून माझ्याकडे बघत राहिल्या.

पावणेदोन महिन्यांनी त्यांच्या भाच्याचा फोन आला. सकाळी चारा कापता कापता गेल्या. आजार नाही, तक्रार नाही. मी तसाच विठ्ठलवाडीला निघालो.

चाळीत ही गर्दी. जमलेले बहुतेक सगळे नापास झालेले होते. त्यात चेअरमनही होते. घुमट कापून टाकला, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. मावशींच्या खोलीतल्या जनावरांना या नापासांनीच घरं दिली. कुणी भाषण केलं नाही.

तेराव्याच्या दिवशी आमच्याकडे चिकूनं तीन पिल्लं दिली. साबुदाणा त्यांचा बाप आहे, असं बदलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं.