हवेचा भाग वगळून

"घरात कोणी खोकतंय का?" नमस्काराच्या जागी त्या हेच विचारायच्या. एका लग्नात त्यांनी चक्क नवरदेवाच्या वडिलांना विचारलं, आणि ते बिचारे पंगत उठेपर्यंत खोकला दाबून बसले.

कन्नड मुलखात, बनशंकरीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या त्या. संशोधन संस्थेत सगळे त्यांना अक्का म्हणत. मी नागपूरहून आलेला, त्यांच्या संशोधनाला निधी मिळावा म्हणून अर्ज तयार करणारा. होसकोट्याला कारखान्यांजवळच्या एकाच घरात एका बहिणीचं हृदय आणि फुप्फुसं थकतात, दुसरी ठणठणीत राहते, ते का? एवढंच त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी माणसांच्या रक्तातली जनुकंही तपासायची होती आणि त्यांच्या गच्चीवरची हवाही.

समित्यांशी तुमचा कधी संबंध आला असेल, तर पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. जनुकवाल्यांना हवा नको होती, पर्यावरणवाल्यांना रक्त. हृदयवाल्यांनी फुप्फुसवाल्यांकडे धाडलं, त्यांनी परत हृदयवाल्यांकडे. प्रत्येक नकारानंतर अक्का "सरी, ठीक आहे, पुन्हा लिहू" म्हणून चष्मा पुसायच्या. एकदाच चिडल्या. "हवा माणसाच्या आत जाते, हेही आता मीच सिद्ध करायचं का?"

पैशांअभावी साठवलेलं रक्त फेकून द्यायची वेळ आली, तेव्हा एका समितीने निधी देऊ केला. अट एकच, हवेचा भाग वगळा. रक्त तरी वाचेल म्हणून अक्कांनी सही केली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला मात्र त्या समितीच्या दारात उभं राहून बोंब मारावीशी वाटत होती.

गच्च्यांवर बसवलेली हवा मोजणारी यंत्रं काढून आणायला त्या स्वतः गेल्या, मी सोबत. संस्था सोडण्यापूर्वीची ती त्यांची शेवटची फेरी. पहिल्याच घरातली थोरली मुलगी वर्षापूर्वी वारली होती. तिच्या आईने कन्नडमध्ये विचारलं, "यंत्र नेताय अक्का, म्हणजे आमची हवा आता बरी झाली?"

"नाही," अक्का म्हणाल्या. आणि त्या गच्चीचा जिना चढू लागल्या.

पाहुण्यांनी ओझं उचलायचं नाही, म्हणत धाकटीने यंत्र घेतलं. आम्ही जिला ठणठणीत समजत होतो, ती हीच. जिन्यात ती मध्येच थांबली, भिंतीला टेकली, तोंडाने श्वास घेतला. चार पायऱ्या उतरून पुन्हा थांबली. मी हात पुढे केला, तर हसून म्हणाली, जागरण झालंय, बाकी काही नाही.

अक्का पायरीवरच बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडू लागल्या. मुलगी घाबरली. यंत्र खाली ठेवून, त्यांच्यासाठी पाणी आणायला ती जिना पुन्हा चढू लागली.