कानानं गाडी ओळखणारा माणूस

आमच्या ह्यांना सगळे भिमाजीभाऊ म्हणतात. मी नाही म्हणत. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, एरवी आपलं ‘अहो’. पंचवटीच्या भाजीबाजारात मी मेथी-कोथिंबीर विकायला बसते. तिथं ‘अहो’ म्हटलं की चार पुरुष वळून बघतात. गेलं वर्षभर, जवळच उभे असले तरी, त्या चारांत आमचे हे नसायचे.

मला वाटायचं, रुसलेत. रुसायला कारणही होतं. कळवणहून टोमॅटो, मिरची, कांदा भरायचा आणि उजाडायच्या आत पंचवटीत आणून टाकायचा, यातच ह्यांची उमर गेली. गाडी धोंडीराम शेठची, हे ड्रायव्हर. मागच्या दिवाळीआधी शेठनं नवी पिकअप घेतली, तिच्यावर पुतण्याला बसवलं आणि ह्यांना म्हणाले, भिमाजी, आता आराम कर. का म्हणून, असं मी विचारलं, तर ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि हात धुवायला उठले. मीही मग खोदून विचारलं नाही.

घरात बसलेला ड्रायव्हर म्हणजे डोक्याला ताप असतो बाई. ना धड झोपणार, ना धड जेवणार. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या. आमची तेजल कळवणला दिलीय. ती फोन करायची तर हे ‘हं, हं, बरंय’ करून फोन माझ्या हातात कोंबायचे. पोर रडकुंडीला यायची. पप्पा माझ्याशी बोलत का नाहीत, म्हणायची. मग मी ह्यांना फैलावर घ्यायची. माझं बोलणं म्हणजे बाजारातलं. दिवसभर गिऱ्हाईकाला हाका मारून घसा तसाच झालाय, घरी आल्यावर तरी तो कसा खाली येणार? शेजारीण म्हणते, तुमच्या घरात काय शिजलं ते आम्हाला वासाच्या आधी तुमच्या तोंडून कळतं. तर माझं बोलणं ह्यांच्यापर्यंत पोचायचं. पोचायचं म्हणून मला कधी शंकाच आली नाही.

मग एक दिवस कळलं, शेठ जुनी पिकअप भंगारात काढतोय. झालं, हे एकदम उठून उभे राहिले. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट काढला. मला म्हणाले, “ललिता, ती गाडी आपण घेऊ. माझ्या हाताखालची गाडी हाय. थोडं काम करू, पासिंग करून घेऊ, अजून लय वर्षं जाईल.”

नेमकी त्याच महिन्यात मला भिशी लागली होती. पैसे माझे, म्हणजे हो किंवा नाही हेही माझ्याच तोंडून निघायला पाहिजे होतं. खरं सांगते, मला हो म्हणायचं होतं. गाडीत मला काय रस? पण त्या आठवड्यात हा माणूस पोटभर जेवला. तेजलच्या लेकाला गाडीत पुढं बसवून सप्तशृंगीला नेणार, असं स्वतःहून म्हणाला. त्यासाठी मी भिशी काय, कानातलंसुद्धा काढून दिलं असतं.

तरी म्हटलं, आधी वसीमला दाखवू. वसीमचं गॅरेज सातपूरला. आधी त्याचे वडील नियाजभाई चालवायचे. नियाजभाईंच्या काळात एखादी गाडी कळेनाशी झाली की ते ह्यांना बोलावून घ्यायचे. हे चहाचा ग्लास हातात घेऊन बाजूला उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, अमकं गेलंय बघ. खोललं की तेच निघायचं. भिमाजीभाऊ कानानं गाडी ओळखतो, असं सातपुरापासून कळवणपर्यंत बोललं जायचं. ह्यांना त्याचा भारी अभिमान. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण तो अभिमान मला आवडायचा.

शनिवारी गेलो. शनिवारी सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी. एरवी तिथं प्रेसच्या धडधडीत शेजारच्याचं बोलणं कळत नाही, त्या दिवशी सगळं चिडीचूप होतं. शेठनं गाडी आदल्या दिवशीच टोचन लावून, दुसऱ्या गाडीनं ओढत पाठवली होती. वसीमनं बॉनेट उघडलं, आत बसून चावी फिरवली.

ठक, ठक, ठक, ठक. आतून कुणीतरी घणाचे घाव घालतंय असा आवाज. माझे दात शिवशिवले. समोरच्या टपरीवरचा चहावाला गाळणं हातात घेऊन बघायला आला. वसीमनं खाली उतरून कपाळाला हात लावला.

आणि आमचे हे डोळे मिटून उभे. चेहऱ्यावर असं समाधान की मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. म्हणाले, “बघ, काय मऊ चालतंय. नवं इंजिन झक मारंल. हूं की चूं नाय.”

वसीमनं माझ्याकडं पाहिलं. मी वसीमकडं पाहिलं. मला आधी वाटलं, थट्टा करतायत. मी दोन पावलं मागं सरले आणि ह्यांच्या पाठीमागून हाक मारली, “अहो.” मोठ्यानं नाही, इतर बायका मारतात तशी. वसीम वळला. चहावाला वळला. हे तसेच उभे, डोळे मिटून, कौतुकानं मान डोलावत.

कसला रुसवा नि कसलं काय. वर्षभर मी ज्याला घुम्या म्हटलं, अकडू म्हटलं, पोरीची माया नाही म्हटलं, त्या माणसाला ऐकूच येत नव्हतं. शेठनं गाडी का काढून घेतली तेही तिथंच कळलं. माझा मलाच इतका राग आला की वाटलं, तिथल्या ग्रीसच्या डब्यात तोंड खुपसावं.

वसीम ह्यांच्यासमोर आला, हातवारे करत म्हणाला, “काका, नका घेऊ. पूरा इंजिन खोलावं लागंल. आतलं सगळं गेलंय. जाऊ द्या भंगारात.”

भंगार तेवढं ह्यांना कळलं. “कशापायी भंगारात? आवाज हाय का कुठं? दाखव कुठं हाय.”

मी मध्ये पडले, गाडी वाईट आहे, राहू द्या, असं काहीतरी म्हटलं. हे ऐकायलाच तयार नव्हते. वसीमकडं बोट करून म्हणाले, “मला कळत नाय का? ह्याला पाहिजे ही गाडी. मी सोडली की हा जाईल शेठकडं आणि मातीमोल भावात उचलंल. नियाजभाईनं असं कधी केलं नसतं. बापाचं नाव घालवलं पोरानं.”

वसीमचं तोंड एवढंसं झालं. हातातल्या फडक्यानं तो नुसतेच हात पुसत राहिला. त्यानं एक वाक्य म्हटलं असतं तर सुटला असता. पण वडिलांच्या दोस्ताला ते वाक्य कसं म्हणायचं? शेवटी मान खाली घालून म्हणाला, “ठीक आहे काका. बांधून देतो इंजिन. तुम्ही म्हणाल तसं.”

इथंच विषय मिटला असता. वसीमनं गाडी दुरुस्त केली असती, मी भिशीचे पैसे दिले असते, हे खुशीत पहाटे निघाले असते. मलाही क्षणभर तेच गोड वाटलं. मग कळवणचा रस्ता डोळ्यांसमोर आला. मागून ट्रक हॉर्न वाजवतोय, पुढं शाळेची पोरं सायकलवर, आणि हे आपल्या नादात, सगळं कसं मऊ चाललंय म्हणत. आणि तिकडं वसीमच्या माथ्यावर लबाडीचा आळ तसाच. सांगायला पाहिजे होतं, आणि मीच सांगायला पाहिजे होतं.

मी ह्यांच्या अगदी जवळ गेले. खांद्यावर हात ठेवला, कानाशी तोंड नेलं. चारचौघांत माणसाची लाज निघू नये म्हणून अगदी हळू म्हटलं, “तुम्हाला ऐकू येत नाहीये.”

“काय?”

“ऐकू येत नाहीये तुम्हाला.”

“काय म्हणती?”

मला बोलता यावं म्हणून वसीमनं हात घालून गाडी बंद केली. गल्लीत टाचणी पडली तरी कळेल अशी शांतता झाली. हे माझ्याकडं तोंड करून उभे होते, गाडीकडं पाठ. वैतागून म्हणाले, “जरा मोठ्यानं बोल ना. इंजिन चालू हाय.”

मग मी ओरडले. दुसरा इलाजच नव्हता. बाजारात ओरडते तशी ओरडले, “तुम्हाला ऐकू येत नाही. गाडी बंद आहे.”

पुढच्या दोन गॅरेजमधली माणसं बाहेर आली. हे हळूहळू वळले. बॉनेटखालच्या, फिरत नसलेल्या पंख्याकडं पाहिलं, मग इंजिनवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. चटका बसत असणार, पण काढला नाही. वसीमनंच शेवटी धरून तो बाजूला केला.

“थोडं कमी येतं, ठाऊक होतं,” हे म्हणाले. “एवढं गेलं असंल असं नव्हतं वाटलं.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “शेठनं पण असंच वरडून सांगितलं होतं. कळवणला, सगळ्या हमालांदेखत. मी म्हणलं, घरी तरी कुणाला कळू नये.”

ज्या गोष्टीसाठी हा माणूस वर्षभर तोंड मिटून बसला, तीच मी गल्लीभर केली होती.

जाताना ह्यांनी वसीमचा हात दोन्ही हातांत धरला. वसीमचे डोळे भरले. कानाचं यंत्र मिळतं काका, बघू आपण, असं तो म्हणाला. ह्यांनी मान हलवली, पण ऐकून हलवली की नुसतीच, देव जाणे. गाडी तिथंच राहिली, सोमवारी भंगारवाला नेणार होता.

पंचवटीच्या बसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो. हे खिडकीबाहेर बघत होते. मला ह्यांना एवढंच म्हणायचं होतं, घाबरू नका, मी आहे. लग्नाला एवढी वर्षं झाली, असं काही मी कधी बोलले नव्हते. पण असलं वाक्य ओरडून कसं म्हणायचं? बस भरलेली होती.