वनमालाताईंची शंका

वनमालाताई गेल्या, हे त्यांच्या मुलीने वडनेरहून फोन करून सांगितलं, आणि मी मूर्खासारखं विचारलं, "नक्की?" जन्मभर दुसऱ्यांच्या निकालांवर शंका घेणाऱ्या बाईच्या मरणावरच मी शंका घेतली... त्याला आता दीड महिना झाला.

आमच्या वर्ध्याच्या प्रयोगशाळेत त्या जुन्या तंत्रज्ञ, मी तेव्हा नवाकोरा डॉक्टरेटवाला. काम मलेरियाच्या परजीवीवर. हा आपल्या तांबड्या पेशीत वाढतो, आणि पेशी फोडून बाहेर पडायची वेळ झाली की त्याच्या आत एका रेणूकडून दुसऱ्याकडे रासायनिक निरोप जातो. तो निरोप मधेच अडवणारं औषध मला हवं होतं. एका रसायनाने परजीवी आतल्या आत गारद झालेले दिसले, तेव्हा मी नाचायचाच बाकी होतो. हे सकाळी नऊला. अकराला समिती येणार होती, प्रकल्प चालू ठेवायचा की गुंडाळायचा ते ठरवायला.

या परजीवीला प्राणवायू कमी लागतो. म्हणून काचेच्या बरणीत प्लेटांशेजारी मेणबत्ती पेटवायची, झाकण लावायचं, ज्योत विझली की झाकणावरची हवेची तोटी बंद करायची. औषधाची प्लेट मी एका बरणीत ठेवली होती, बिनऔषधाची दुसरीत. पावणेअकराला ताई औषधाच्या प्लेटची बरणी घेऊन टेबलाशी आल्या.

"सर, यातली मेणबत्ती लावली होती काय तुमी?"

"अहो, लावल्याशिवाय कसं?"

"मंग वात पांढरी काऊन आहे?"

तरी मी म्हणालो, "थोडा जास्त प्राणवायू मिळाला म्हणून मरत नाहीत ते."

"मंग तुमची डिग्री पाहून मेले असतीन."

मी भडकलो. "ताई, तुम्ही प्लेटा धुवा, निकाल मी बघतो." हे मी बोललो... लिहिताना आजही कान तापतात. त्या हलल्या नाहीत. बरणी माझ्या लॅपटॉपवर ठेवून म्हणाल्या, "सांगजा समितीच्या सायबाईले. नाई त मी सांगतो." तेवढ्यात बाहेर समितीची गाडी थांबली.

पहिली स्लाइड झाली, दुसरी झाली. तिसरीवर तो निकाल. दाराशी ताई, बरणी पोटाशी धरून. "हा निकाल धरू नका," मी म्हणालो, "मी मेणबत्ती लावायला विसरलो." एक सदस्य खो खो हसले, बाकीचे हसले नाहीत. महिन्याची मुदत मिळाली. दोन्ही प्लेटा एकाच बरणीत ठेवून प्रयोग पुन्हा केला. "दोन्हीतले जित्ते आहेत सर!" सूक्ष्मदर्शकावरून मान वर करत ताई म्हणाल्या, पोरगा पास झाल्यासारख्या. माझं औषध फुकट गेलं होतं. प्रकल्प मात्र इतर रसायनांच्या भरवशावर कसाबसा तगला.

मागच्या आठवड्यात एका नव्या रसायनाने परजीवी खरोखर पेशीतच अडकले. बरणी एकच, बिनऔषधाचे मजेत जगलेले. दुसऱ्यांदाही तेच. मी ताईंच्या रिकाम्या स्टुलाकडे वळून बसलो, कुणीतरी खोट काढेल म्हणून... कुणी काढली नाही. तेव्हा निकाल कोणालाही न कळवता आज तिसऱ्यांदा प्रयोग लावलाय.