प्राजक्ताच्या देठाचा रंग

फुलाचा देठ लिंबासारखा पिवळाजर्द पेटला होता, आणि शुभोदा म्हणत होते, “मस्त आलंय. लॉक कर.”

शुभोदा म्हणजे माझे बॉस. पूजेच्या मंडपांना रोषणाई पुरवणारी त्यांची छोटी कंपनी आहे. नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली, तेव्हा पुण्यात नाटकांची प्रकाशयोजना करणारी मी त्यांच्याकडे पिक्सेल प्रोग्रॅमर म्हणून लागले. आमचं बोलणं हिंदी-बंगालीच्या मिसळीत चालतं. भांडण मात्र स्वच्छ हिंदीत होतं. इथे ते मराठीत देते.

काम होतं बागबाजारातल्या एका पाड्याच्या दुर्गापूजेचं. पाडा म्हणजे आपली आळी. तिच्या कोपऱ्यावरचं शिउलीचं जुनं झाड वादळात पडलं होतं. शिउली म्हणजे आपला प्राजक्त. इथे तो फुलायला लागला की पूजा जवळ आली असं समजतात. झाड होतं त्याच जागी दिव्यांची भिंत उभारायची आणि तिच्यावरून फुलं गळताना दाखवायची, असं कमिटीने ठरवलं. कमिटीच्या सेक्रेटरी मितालीदी, निवृत्त शिक्षिका. पहिल्याच मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या होत्या, “बाकी काहीही करा. पण फूल आमच्या झाडाचं वाटलं पाहिजे.”

आता समोर जे पेटलं होतं, ते कुठल्याच झाडाचं वाटत नव्हतं.

“शुभोदा, देठ केशरी असतो,” मी म्हटलं.

“रंगाचा कोड केशरीचाच आहे. लॅपटॉपवर सगळ्या कमिटीने पाहिला, सह्या केल्या. तोच टाकलाय ना?”

“तोच टाकलाय. म्हणून तर चुकलंय.”

यातली गोम अशी. एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारीक दिवे असतात. केशरीसाठी लाल पूर्ण लावायचा आणि त्यात हिरवा मिसळायचा. लॅपटॉपवर हिरव्याचा आकडा निम्मा ठेवला, तर स्क्रीन प्रत्यक्षात जेमतेम पाव प्रकाश देते, कारण डोळ्याला तेवढाच निम्मा वाटतो. ही काटछाट स्क्रीन गुपचूप करते. आमचा पिक्सेल भोळा. त्याला निम्मा सांगितला की तो खरोखर निम्मा ओततो. हिरवा जास्त झाला की केशरीचा पिवळा होतो.

पाकळ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिन्ही दिवे पूर्ण लावले की पांढरा निळसर होतो, नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा. शिवाय वायर लांब असली की टोकापर्यंत व्होल्टेज पुरत नाही. निळा आणि हिरवा आधी मान टाकतात, लाल तग धरतो. त्यामुळे भिंतीच्या सप्लायजवळच्या डाव्या कडेची फुलं निळसर आणि उजव्या कडेची गुलाबी दिसत होती. एकाच झाडाची.

“उजवीकडून वेगळा सप्लाय द्यावा लागेल,” मी म्हटलं, “आणि ब्राइटनेस निम्म्याच्या खाली आणावा लागेल.”

“वेडी आहेस? पलीकडच्या पाड्याची भिंत बघितलीस? तिच्यापुढे आपली मेणबत्ती दिसेल.”

“दिसू दे.”

“मंजिरी, क्लायंटची सही आहे. उद्या ओरडले तर सही दाखवायची. तुझं काम कोड टाकणं.”

माझं डोकं फिरलं. लोकांचं झाड पडलंय आणि हा माणूस त्यांना सही दाखवणार. “कोड त्यांचा असेल, डोळे माझे आहेत,” मी म्हटलं. “हा पिवळा मी लॉक करणार नाही.”

“मग हे माझ्याकडचं तुझं शेवटचं काम.”

“चालेल. पण शेवटचं तरी नीट करते.”

खोटं कशाला सांगू? ही नोकरी मला हवी होती. या शहरात मला ‘बँकवाल्या साहेबांची मिसेस’ न म्हणणारी तेवढी एकच जागा होती.

दमदमला आमच्या सोसायटीच्या आवारात प्राजक्त आहे. सकाळी खाली पडलेली फुलं ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात घातली आणि साइटवर नेली. संध्याकाळपर्यंत पाकळ्या तपकिरी पडल्या, पण देठ केशरीच राहतो. उगाच नाही त्याने पूर्वी कापड रंगवत. पिक्सेलच्या उजेडात धरला तर मात्र तोही भलताच दिसतो. म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात साधा पिवळसर बल्ब लावला, देठ त्याखाली ठेवला आणि एकदा खोक्यात, एकदा भिंतीकडे बघत हिरवा उतरवत गेले. उतरवत उतरवत तो इतका खाली आला, की आकडा वाचून कुणीही लालच म्हणालं असतं. भिंतीवर मात्र देठ उमटला. मग पांढऱ्यातला निळा कमी केला आणि ब्राइटनेस निम्म्याच्या खाली आणला. उजवीकडचा सप्लाय दुपारीच जोडून घेतला होता.

शुभोदा आले, फोन काढला, फोटो घेतला. “हे बघ, फोटोत पिवळाच येतोय. मग एवढा खटाटोप कशासाठी?”

खरंच येत होता. दिवा थेट लेन्समध्ये घुसला की फोनचा कॅमेरा गडबडतो आणि केशरीचा पिवळा करतो.

“फोनसाठी नाही केलं,” मी म्हटलं.

“लोक फोटोच बघतात.”

“या पाड्यातले लोक इथेच राहतात, शुभोदा.”

तेवढ्यात मितालीदी आल्या. मी बाजूला सरकले. भिंतीवरून फुलं संथ गळत होती, खालच्या काठाशी येऊन विझत होती. त्या बघत बघत पुढे आल्या, भिंतीपाशी पोचल्या आणि एकदम पाय आखडून बाजूने वळल्या. शिउलीच्या सड्यावर इथे कोणी पाय देत नाही. देवीला वाहायला जमिनीवरून उचललेलं चालतं, असं हे एकच फूल. खाली नुसता सिमेंटचा रस्ता होता. ते त्यांच्याही लक्षात आलं. त्या ओशाळून हसल्या आणि मग पदराने डोळे पुसले.

“ए तो आमादेर शिउली,” त्या म्हणाल्या. ही तर आमचीच शिउली.

शुभोदांनी फोन खिशात टाकला. “मी हिला तेच सांगत होतो,” ते म्हणाले.

‘शेवटचं काम’ हा विषय पुन्हा निघाला नाही. कालीपूजेची साइट त्यांनी मलाच दिली. ऑफिसात आता नियम आहे, की रंग लॅपटॉपवर दाखवायचे नाहीत, पेटवलेली पट्टी साइटवर नेऊन दाखवायची. नियम आपल्याला कसा सुचला, हे शुभोदा नव्या क्लायंटना रंगवून सांगतात. मी शेजारी बसून ऐकते.

रंग जिथे पेटणार, तिथे उभं राहूनच मंजूर करावा. सही असली, तरी पिवळा पिवळाच राहतो.